ओहतानीचा २७.०० : एका वाईट मार्च महिन्याचं मूल्यमापन

१६ मार्च २०१८ रोजी अ‍ॅरिझोनात कोलोराडो रॉकीजविरुद्धच्या सराव सामन्यात लॉस एंजेलिस एंजल्स या बेसबॉल संघाचे मॅनेजर माइक सोशा यांना दुसरी इनिंग (एका इनिंगमध्ये तीन गडी बाद करायचे असतात) संपायच्या आतच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, बदलावा लागला. माउंडवर, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर, जपानचा शोहेई ओहतानी होता. चार गडी बाद करेपर्यंत त्याने सात हिट (फटका मारून फलंदाजाने सुखरूप बेस गाठणं) आणि सात धावा दिल्या होत्या. त्यात नोलन अरेनाडो आणि इयन डेस्मंड या दोघांचे होमरन होते.

बेसबॉलमध्ये पिचरचं सगळ्यात प्रचलित माप म्हणजे ईआरए. पूर्ण सामना नऊ इनिंगांचा धरला, तर हा पिचर सरासरी किती धावा देतो, हे तो आकडा सांगतो. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यातून वगळतात. तीनच्या आसपास असेल तर उत्तम. पाचच्या पुढे गेला की संघातली जागा धोक्यात येते. त्या संध्याकाळी ओहतानीचा ईआरए २७.०० झाला. तेव्हा तो अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलच्या ‘एमएलबी पाइपलाइन’च्या होतकरू खेळाडूंच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता, आणि मोसम सुरू व्हायला दोन आठवडेसुद्धा उरले नव्हते.

एंजल्सपुढचा प्रश्न साधा होता. त्याला थेट मुख्य संघात घ्यायचं, की सॉल्ट लेक सिटीच्या ट्रिपल-ए संघात (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) पाठवून हात बसू द्यायचा? दुसरी वाट नियमानेही मोकळी होती. पंचवीस वर्षांच्या आत जपान सोडल्यामुळे त्याचा करार मायनर लीगचाच, म्हणजे खालच्या स्तरावरचाच होता.

सराव मोसमातली कामगिरी कशी वाचायची, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही. आकडे अतोनात वाईट आहेत, नोंदी भरपूर आहेत आणि पुढे काय झालं तेही जगजाहीर आहे. मात्र पुढचं ठाऊक असणं हीच इथली मोठी अडचण आहे. शेवट माहीत असला की मार्चमधली प्रत्येक खूण आपोआप बरोबर दिशेला बोट दाखवायला लागते. म्हणून आधी १७ मार्चच्या सकाळी टेबलावर जेवढी माहिती होती, तेवढ्यावरच निकाल द्यायचा प्रयत्न करतो.

तो कुठून आला होता

जन्म ५ जुलै १९९४चा, जपानच्या इवाते प्रांतातल्या ओशू इथला. २०१३ ते २०१७ ही पाच वर्षं तो होक्काइदो निप्पॉन-हॅम फायटर्सकडून खेळला, पिचर म्हणून आणि फलंदाज म्हणूनही. २०१६ मध्ये तो पॅसिफिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी त्याने ताशी १६५ किलोमीटरचा चेंडू टाकला, तो तेव्हा जपानी लीगमधला सर्वांत वेगवान होता. डिसेंबर २०१७ मध्ये एंजल्सनी त्याला २३ लाख १५ हजार डॉलरच्या बोनसवर करारबद्ध केलं आणि फायटर्सना दोन कोटी डॉलर मोजले. अजून दोन वर्षं थांबला असता तर त्याला याच्या कितीतरी पट पैसे मिळाले असते. त्याला लवकर जायचं होतं.

मूल्यमापनाच्या दृष्टीने मात्र या पराक्रमांपेक्षा २०१७ची कहाणी महत्त्वाची आहे, आणि मार्चमधल्या गदारोळात तीच मागे पडली. त्या वर्षी तो जायबंदी होता. पूर्ण मोसमात तो माउंडवर पाच सामन्यांत उतरला आणि २५⅓ इनिंग टाकल्या. ऑक्टोबरमध्ये त्याच्या उजव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. उजव्या हाताचा पिचर चेंडू टाकताना उजव्या पायाने जमिनीला रेटा देतो, आणि सगळा वेग त्या रेट्यापासून सुरू होतो. त्याच ऑक्टोबरमध्ये उजव्या कोपरातल्या अस्थिबंधाच्या पहिल्या श्रेणीच्या दुखापतीसाठी त्याला पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन दिलं होतं. डिसेंबरमध्ये ही बातमी फुटली. एंजल्सनी आपल्याला हे ठाऊक असल्याचं आणि वैद्यकीय तपासणी समाधानकारक झाल्याचं सांगितलं.

म्हणजे फेब्रुवारीत एंजल्सच्या सराव तळावर, अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीला, जो तरुण पोचला, तो कागदावर जगातला पहिला होतकरू होता. प्रत्यक्षात तो वर्षभर जवळपास न खेळलेला, घोट्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेला आणि कोपराची काळजी घेत असलेला पिचर होता. देश नवा, चेंडू नवा, शिवाय दोन भूमिका एकाच वेळी निभवायच्या. त्याच्याकडून फेब्रुवारी-मार्चमध्ये नेमकं काय अपेक्षित होतं, हे आधी ठरवल्याशिवाय २७.०० हा आकडा वाचताच येत नाही.

आठ गडी

२७.०० कशाचा बनला आहे ते उलगडून पाहू.

अधिकृत सामने दोनच. २४ फेब्रुवारीला मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्ध १⅓ इनिंग: ३१ चेंडू, दोन हिट, एक वॉक (चार चेंडू नेमाबाहेर पडल्याने फलंदाजाला फुकट मिळालेला बेस), दोन स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद होणं), दोन धावा. त्यातली एकच पिचरच्या नावावर, कीऑन ब्रॉक्स्टनच्या होमरनसह. दुसरा सामना रॉकीजविरुद्धचा. तिथेही १⅓ इनिंग आणि सात धावा. एकूण २⅔ इनिंग, म्हणजे बाद केलेले गडी आठ, आणि खात्यावरच्या धावाही आठ. आठ गुणिले नऊ भागिले दोन पूर्णांक दोन तृतीयांश केलं की उत्तर येतं सत्तावीस. गणित चोख आहे. पण त्या पायावर काही उभं करता येईल का, हा प्रश्न उरतोच.

मधल्या काळात एक ‘बी’ सामना झाला. ९ मार्चला मेक्सिकन लीगच्या टोरोस दे तिहुआना संघाविरुद्ध तीन इनिंगचा सराव झाला. तिथे त्याने सहा धावा दिल्या आणि सहा स्ट्राइकआउट घेतले. हा सामना अधिकृत आकड्यांत धरलेला नाही. वृत्तपत्रांत मात्र ‘आणखी सहा धावा’ असं छापून आलं आणि लोकांच्या मनात ते २७.०० मध्ये मिसळून गेलं. स्ट्राइकआउटबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे. रॉकीजविरुद्ध त्याने तीन स्ट्राइकआउट घेतले, ब्रुअर्सविरुद्ध दोन. आठ गड्यांपैकी पाच जण चेंडूला नीट बॅट न लावताच परतले. तिहुआनाविरुद्ध नऊ गड्यांपैकी सहा. ज्याला मारणं सोपं आहे, अशा पिचरचं पत्रक सहसा असं दिसत नाही. सोप्या पिचरला फलंदाज बॅट लावतात. ओहतानीने बाद केलेल्या गड्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांची बॅट चेंडूला नीट लागत नव्हती. लागली की ती जोरात लागत होती आणि लागोपाठ लागत होती.

या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायचं शहाणपण बेसबॉलला तसं उशिरा सुचलं. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने दाखवून दिलं, की चेंडू एकदा बॅटला लागून मैदानात पडला, की तो हिट होतो की झेल, यावर पिचरचा ताबा आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप कमी असतो. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन एवढंच बऱ्याच अंशी त्याच्या हातात. बाकीचं क्षेत्ररक्षक, मैदान आणि नशीब. पुढे रसेल कार्लटन यांनी कोणत्या आकड्यावर किती नोंदींनंतर भरवसा ठेवावा याचा हिशोब मांडला. पिचरच्या स्ट्राइकआउटच्या प्रमाणासाठी सुमारे सत्तर फलंदाज, वॉकसाठी एकशे सत्तरच्या आसपास, आणि मैदानात पडलेल्या चेंडूंवरच्या हिटसाठी दोन हजारांच्या घरात चेंडू. ओहतानीने अधिकृत सामन्यांत वीसएक फलंदाजांना गोलंदाजी केली होती. स्ट्राइकआउटच्या बाबतीत हा नमुना तोकडा होता. हिटच्या बाबतीत तर त्याला नमुना म्हणणंही जड जातं.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. सराव मोसमात पिचरला ठरावीक चेंडूंनंतर बाहेर काढतात. पहिल्या वेळी तीसच्या आसपास, मग हळूहळू वाढवत नेतात. त्यामुळे वाईट इनिंग आली की ती धुऊन काढायला पुढच्या चार चांगल्या इनिंग मिळत नाहीत. नियमित मोसमात एखाद्याने दुसऱ्या इनिंगमध्ये तीन धावा दिल्या, तरी सहावीपर्यंत टिकून तो आपला आकडा सावरतो. मार्चमध्ये खराब क्षण कागदावर तसाच गोठून राहतो.

समोर कोण होतं हेही पाहावं लागतं. सराव सामन्यात पहिल्या दोन-तीन इनिंग नावाजलेले फलंदाज खेळतात, नंतर मायनर लीगची मुलं येतात. बेसबॉल-रेफरन्स हे संकेतस्थळ तर सराव मोसमाच्या प्रत्येक आकड्यापुढे प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा दहापैकी किती, हे लिहितं. अरेनाडोने मारलेला होमरन आणि पंचाहत्तर क्रमांकाचा शर्ट घातलेल्या पोराने मारलेला होमरन ईआरएमध्ये सारखेच मोजले जातात.

चेंडू आणि हवा

आता हात आणि चेंडू यांच्याकडे येतो, कारण ओहतानीची खरी अडचण तिथे होती.

त्याचं सगळ्यात धारदार अस्त्र म्हणजे स्प्लिटर. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून त्यांच्या बेचक्यात चेंडू दाबून धरायचा आणि हात मात्र फास्टबॉलच्याच झपाट्याने फिरवायचा. बोटांच्या बेचक्यातून सुटताना चेंडूची फिरकी मरते. फलंदाजाला तो फास्टबॉल वाटतो आणि प्लेटपाशी येऊन तो एकदम बसतो. हे सगळं बोटांच्या दोन बाजूंच्या पकडीवर अवलंबून आहे. पकड तसूभर सैल झाली तर चेंडू खाली न बसता कमरेच्या उंचीवर लोळत येतो. मेजर लीगच्या फलंदाजाला यापेक्षा गोड भेट नाही.

जपानी लीगचा मिझुनोचा चेंडू मेजर लीगच्या चेंडूपेक्षा किंचित लहान आणि हाताला चिकट लागतो. अमेरिकेतला चेंडू गुळगुळीत. इतका, की मेजर लीगचे चेंडू सामन्याआधी डेलावेअर नदीच्या परिसरातून न्यू जर्सीत काढलेल्या खास चिखलाने चोळून घेतात, तेव्हा कुठे ते हातात धरवतात. त्यात अ‍ॅरिझोनाची कोरडी हवा. घाम लगेच वाळतो, बोटं सुकी पडतात, आणि पातळ हवेत कर्व्ह आणि स्लायडर कमी वळतात. आपल्याकडचा जलदगती गोलंदाज एसजीच्या उभ्या शिवणीवर वाढतो आणि एका हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला जाऊन कूकाबुरा हातात धरतो, तेव्हा पहिल्या दोन सराव सामन्यांत त्याची टप्प्यावरची पकड सुटते. ते पाहिलेल्या कुणालाही ओहतानीचा मार्च ओळखीचा वाटेल.

माउंडही वेगळा. जपानमधला तुलनेने मऊ, अमेरिकेतला कडक. पुढचा पाय कुठे आणि किती घट्ट रोवतो यावर चेंडू सोडायचा क्षण ठरतो. घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांनी हे नव्याने बसवायचं होतं.

ही सगळी सबब झाली का? एका अर्थी हो. पण सबबीची परीक्षा करता येते. चेंडू आणि माउंड ही कारणं खरी असतील, तर बिघाड नेम आणि पकडीत दिसायला हवा, वेगात नव्हे. दिसत होतं तेही तसंच. फास्टबॉल ताशी ९५ मैलांच्या आसपास आणि त्याच्या पुढे जात होता. काही स्प्लिटर जसे बसायला हवेत तसे बसत होते. नेम मात्र भरकटत होता. उलट ९५ चा चेंडू ९१ वर आला असता, तर चेंडूच्या चिकटपणाच्या गप्पा मारण्यात काही अर्थ नव्हता. मग घोटा, खांदा किंवा कोपर, यांतल्या कशाकडे तरी पाहावं लागलं असतं.

फलंदाजीबद्दल थोडंसं

प्रकरण पिचरचं आहे. पण त्याच महिन्यात फलंदाज ओहतानीवर याहून कडक टीका झाली आणि त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, म्हणून थोडं.

सराव मोसमात ३२ प्रयत्नांत ४ हिट, सरासरी .१२५, एकही डबल किंवा होमरन नाही. एका नामांकित अमेरिकी क्रीडापत्रकाराने अनेक स्काउटांशी (खेळाडू पारखणाऱ्या निरीक्षकांशी) बोलून, हा फलंदाज मेजर लीगसाठी तयार नाही, असा निष्कर्ष छापला. पुढे त्याने जाहीर माफीही मागितली. माझं मत थोडं वेगळं आहे. ३२ पैकी ४ या आकड्याला काडीची किंमत नाही. पण स्काउटांनी डोळ्यांनी टिपलेली गोष्ट खरी होती. पुढचा पाय उंच उचलून मारायच्या त्याच्या लकबीमुळे आतल्या बाजूच्या वेगवान चेंडूला त्याला उशीर होत होता. मार्चच्या अखेरीस त्याने पाय उचलणं सोडलं आणि टाच नुसती वळवून मारायला सुरुवात केली. दोष खरा होता आणि एका आठवड्यात दुरुस्त झाला. स्काउटांचं निरीक्षण बरोबर आणि भाकीत चूक, असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. निरीक्षणाला ‘हे सुधारता येईल का’ हा प्रश्न जोडायचा राहून गेला.

१७ मार्चचा अहवाल

त्या सकाळी एंजल्सच्या कार्यालयात बसून मला लिहायला सांगितलं असतं, तर मी असं लिहिलं असतं:

वेग शाबूत. स्ट्राइकआउट भरपूर, अधिकृत आणि अनधिकृत दोन्ही सामन्यांत. वॉक मोजके, म्हणजे नेम पूर्ण सुटलेला नाही. स्ट्राइक झोनच्या आत चेंडू नको तिथे पडतो आहे. स्प्लिटर अनियमित, पण जेव्हा पडतो तेव्हा मेजर लीगच्या कुणाही फलंदाजाला झेपणारा नाही. हात फिरवायची लकब बदललेली नाही, चेंडू सोडायची जागा इनिंगगणिक सरकत नाही. मुख्य शंका दोन. एक, नव्या चेंडूवर पकड बसायला किती आठवडे लागतील. दोन, कोपर.

शिफारस: मुख्य संघात ठेवावं, आठवड्यातून एकदा टाकायला द्यावं. जपानमध्ये पिचर आठवड्यातून एकदाच टाकतो, अमेरिकेत पाचव्या दिवशी. हा बदल आत्ताच लादायचं कारण नाही. सॉल्ट लेकला पाठवून चेंडूची ओळख होईलही. पण ट्रिपल-एच्या फलंदाजांना लोळलेला स्प्लिटर सुटून जातो, आणि चूक कळायची तर चूक महागात पडली पाहिजे.

ही शिफारस बिनधोक नव्हती. स्ट्राइकआउटचे आकडेही तोकडेच होते. त्यांना ईआरएपेक्षा जास्त वजन द्यावं, इतकंच म्हणता येतं. २०१५ मध्ये डॅन रोझेनहेक यांनी स्लोन क्रीडा विश्लेषण परिषदेत मांडलेल्या अभ्यासाचा सूरही साधारण हाच होता: सराव मोसमातल्या आकड्यांत थोडी माहिती असते, पण ती धावांत नसून स्ट्राइकआउट आणि वॉकसारख्या घटकांत असते, आणि ती आधीच्या वर्षांच्या कामगिरीत मिसळून वाचायची असते. ओहतानीच्या बाबतीत ‘आधीची वर्षं’ म्हणजे जपानमधले पाच मोसम. त्या तराजूत वीस फलंदाजांचं वजन किती पडणार?

जनरल मॅनेजर बिली एपलर आणि सोशा यांनी हाच मार्ग घेतला. मोसमाच्या पहिल्या दिवशी, २९ मार्चला, ओहतानी ओकलंडमध्ये फलंदाज म्हणून संघात होता. तीन दिवसांनी, १ एप्रिलच्या रविवारी, तिथेच तो माउंडवर उतरला.

ओकलंडची दुसरी इनिंग

त्या पदार्पणाच्या दुसऱ्या इनिंगपाशी मी नेहमी थांबतो. मॅट जॉइस आणि स्टीफन पिस्कॉटी यांच्या हिट, आणि मागोमाग मॅट चॅपमनचा तीन धावांचा होमरन. तिथे सामना थांबला असता तर दोन इनिंगनंतरचा ईआरए होता १३.५०. चित्र अगदी मार्चमधल्यासारखं: लागोपाठ मार आणि मधे स्ट्राइकआउट. फरक इतकाच की हा खरा सामना होता, म्हणून त्याला पुढे टाकू दिलं. त्यानंतर त्याने एकही हिट दिली नाही. सहा इनिंग, तीन हिट, एक वॉक, सहा स्ट्राइकआउट, ९२ चेंडू आणि पहिला विजय. पिचर तोच आणि चेंडूंची जातही तीच होती. त्या दुपारी त्याला चार इनिंग जास्त मिळाल्या.

पुढचा रविवार, ८ एप्रिल, अ‍ॅनाहाइम. सहा इनिंग आणि सातवीतला एक गडी, असे सलग एकोणीस फलंदाज बाद झाल्यावर मार्कस सेमियनने पहिली हिट मारली. सात इनिंगमध्ये ती एकच हिट आणि बारा स्ट्राइकआउट. दोन सामने मिळून तेरा इनिंगमध्ये अठरा स्ट्राइकआउट आणि दोन वॉक. स्प्लिटर बसायला लागला होता.

या दोन रविवारांनी माझी शिफारस बरोबर ठरली, असं मात्र मी म्हणणार नाही. दोन सामने हाही तोकडाच नमुना. १७ एप्रिलला बॉस्टनविरुद्ध बोटाला फोड येऊन तो दोन इनिंगमध्ये परत गेला. म्हणून वर्षाअखेरीचे आकडे पाहावेत: दहा सामने, ५१⅔ इनिंग, ६३ स्ट्राइकआउट, २२ वॉक, ईआरए ३.३१. फलंदाज म्हणून .२८५ आणि २२ होमरन. अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू निवडताना तीसपैकी पंचवीस पहिली मतं त्याला मिळाली.

कोपर

दहाच सामने का, हे या प्रकरणाचं दुसरं अर्धं आहे.

६ जूनला कॅन्सस सिटीविरुद्ध तो पुन्हा फोडामुळे बाहेर पडला आणि तपासणीत कोपराच्या अस्थिबंधाची दुखापत आता दुसऱ्या श्रेणीची असल्याचं निघालं. इंजेक्शनं झाली, विश्रांती झाली. २ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये तो २⅓ इनिंग टाकून गेला आणि नंतरच्या एमआरआयमध्ये नवं नुकसान दिसलं. १ ऑक्टोबरला टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे कोपराच्या अस्थिबंधाची पुनर्बांधणी. २०१९ मध्ये तो माउंडवर उतरलाच नाही.

मार्चमध्ये त्याच्यावर लिहिलेले रकानेच्या रकाने धावा, होमरन आणि सरासरीबद्दल होते. ज्या एका गोष्टीने त्याचं वर्ष मधेच तोडलं, ती डिसेंबरपासून सगळ्यांना माहीत होती आणि मार्चच्या एकाही पत्रकात ती दिसण्याची सोय नव्हती. माझ्या वरच्या अहवालातही ‘कोपर’ हा एकच शब्द आहे आणि त्यापुढे सांगण्यासारखं काही नाही, कारण सराव मोसम त्याचं उत्तर देऊच शकत नाही. अस्थिबंध अर्धवट दुखावलेला असताना पिचर ९८ मैलांनी टाकू शकतो. वेग टिकला म्हणजे खांदा-कोपर आज चालतंय, एवढंच कळतं. जूनमध्ये चालेल का, ते कळत नाही.

जेव्हा आकडा खरं बोलत होता

वेगाकडे पाहा, धावांकडे नको, हे म्हणणं तपासायला ओहतानीनेच पुढे दोन प्रसंग दिले.

२०२० च्या छोट्या मोसमात २६ जुलैला ओकलंडविरुद्ध तो जवळपास दोन वर्षांनी माउंडवर आला. एकही गडी बाद न करता पाच धावा. २ ऑगस्टला ह्यूस्टनविरुद्ध १⅔ इनिंग, पाच वॉक. एकूण ईआरए ३७.८०. वरवर पाहता ही २०१८ च्या मार्चचीच पुनरावृत्ती, आणि अनेकांनी तसंच म्हटलंही: याला वेळ लागतो, धीर धरा. पण आतलं चित्र अगदी वेगळं होतं. दोन सामन्यांत मिळून आठ वॉक होते, आणि दुसऱ्या सामन्यात फास्टबॉलचा वेग बघता बघता ९० मैलांच्या आसपास घसरला. तपासणीत हाताच्या पुढच्या भागातल्या स्नायूला ताण आल्याचं निघालं आणि त्याचं त्या वर्षीचं पिचिंग संपलं. २७.०० आणि ३७.८० शेजारी लिहिले तर भाऊ-भाऊ वाटतात. वेग आणि वॉक शेजारी लिहिले की ते दोन वेगळे पिचर वाटतात.

मग २०२१ चा मार्च आला. सराव मोसमात १०⅓ इनिंग, चौदा धावा, ईआरए १२.१९. पुन्हा भयानक. पण स्ट्राइकआउट सतरा होते आणि फास्टबॉल शंभर मैल ओलांडत होता. एंजल्सनी त्याला पहिल्या आठवड्यातच माउंडवर दिलं. त्या मोसमात त्याने २३ सामन्यांत १३०⅓ इनिंग टाकल्या, १५६ स्ट्राइकआउट घेतले, ३.१८ ईआरए राखला आणि तो एकमताने अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला.